मावळतीचे फोटो, बारा बाय अठरा

फोटो-प्रदर्शनाच्या अर्जावर अटी मोजक्याच होत्या. छापील प्रत १२ बाय १८ इंच, मॅट कागदावर. फोटोवर नाव किंवा शिक्का नको. फोटोत बाहेरून काही घातलेलं नको आणि असलेलं पुसलेलं नको. उजेड, रंग आणि कातरकाम चालेल. आणि मागितली तर मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा, काहीच न केलेला फोटो, दाखवावी लागेल. विषय किनाऱ्यावरची संध्याकाळ, जास्तीत जास्त पाच फोटो, प्रवेश फी २०० रुपये, शेवटची तारीख ३१ डिसेंबर.

रत्नागिरीतल्या एका संस्थेचं हे प्रदर्शन. फॉर्म मिळाला तेव्हा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा चालू होता. मी नोकरी करते बँकेत, फोटो हा सुट्टीचा उद्योग. मावळतीचे फोटो माझ्याकडे ढिगाने होते आणि मोबाइलच्या पडद्यावर सगळे बरे दिसायचे. लॅपटॉपवर मोठे केले की मात्र एक तर सूर्याभोवती पांढराफटक डाग, नाहीतर सूर्य नीट आणि खालचा किनारा ठार काळा. १२ बाय १८ म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर असतं तेवढा कागद. त्यावर काही लपत नाही. अडीच महिन्यांत हे सुधारता येतं का, एवढाच प्रश्न होता. पहिल्यांदा असं काही पाठवायला निघालेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने आणि पैशांसकट लिहितेय.

कॅमेरा कॅनन १५००डी, सेकंडहँड. सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर या दोन लेन्स. नवीन काही घ्यावं लागेल का, हे विचारायला आमच्या आळीतल्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. पासपोर्ट फोटो आणि लग्नं यात त्यांची हयात गेली आहे. माझे फोटो चाळून ते म्हणाले, “अगं, सूर्य सगळ्यांच्याच कॅमेऱ्याला भारी पडतो. पैसे नको घालवूस. आधी ऑटो सोड आणि जेपेग सोड.” मग टेबलावर पांढरा रुमाल आणि त्यांची काळी छत्री शेजारी शेजारी ठेवून दोन्हींचे वेगवेगळे फोटो काढायला लावले. दोन्ही फोटोंत रंग जवळपास सारखाच राखाडी आला.

एवढ्यात मीटरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राचं, सगळं गणित कळलं. समोर पांढरं आहे की काळं, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. जे दिसेल ते मधल्या राखाडीपाशी आणून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. चौकटीत सूर्य मोठा असेल तर तो घाबरून सगळं काळोखं करतो. सूर्य छोटा आणि जमीन जास्त असेल तर जमीन उजळायच्या नादात आकाश धुऊन टाकतो. आमच्या मांडवीच्या किनाऱ्याला तर आणखी एक भर आहे. तिथली वाळू काळी, म्हणून तर त्या बाजूला काळा समुद्र म्हणतात. चौकटीत अर्धी वाळू घेतली की कॅमेरा ती राखाडी करायला जातो आणि वरचा केशरी पार उडून जातो. पांढऱ्या वाळूच्या, म्हणजे पांढऱ्या समुद्राच्या बाजूला त्याच सेटिंगवर वेगळाच निकाल येतो, आणि मला इतकी वर्षं वाटायचं की त्या बाजूचं आकाशच बरं.

उपाय साधा निघाला. सूर्य चौकटीच्या बाहेर ठेवायचा, त्याच्या शेजारचं उजळ आकाश मध्ये घ्यायचं, तिथलं माप घेऊन ते अडकवून ठेवायचं आणि मग हवी ती चौकट जुळवायची. माझ्या कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याचं माप) नाही, पार्शल आहे. ते मधल्या साधारण १० टक्के भागाचं माप घेतं आणि या कामाला पुरतं. माप अडकवायला मागे अंगठ्यापाशी चांदणीचं बटण असतं. त्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापापेक्षा मुद्दाम उजळ किंवा काळोखं करायची सोय, उणे दोन तृतीयांश ते उणे एक स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, वर म्हणजे दुप्पट). मोबाइलवाल्यांना हेच करता येतं: सूर्याशेजारच्या आकाशावर बोट दाबून धरा, कुलूप लागलं की छोटं सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा. बहुतेक फोनमध्ये चालतं, आणि फरक तिथल्या तिथे दिसतो.

काकांची दुसरी अट रॉची होती. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने आकसून तयार करून दिलेल्या फोटोत, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याची रॉ फाइल १४ बिटची, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. मावळतीचं आकाश म्हणजे पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत सावकाश उतरत जाणारा रंग. पायऱ्या कमी असल्या की एडिटिंगमध्ये जरा ताणल्याबरोबर सूर्याभोवती पट्टे दिसायला लागतात. एकेक फाइल २५-३० एमबीची होते, म्हणून नवीन कार्ड घेतलं, ६५० रुपयांचं. ट्रायपॉड २,६०० चा. आणखी हलका मिळत होता, पण मांडवीच्या वाऱ्यात हलका ट्रायपॉड घेऊन काही उपयोग नाही.

ऑक्टोबर सगळा शिकण्यात गेला, आणि त्याला महिनाही चांगला होता. पाऊस हवा धुऊन जातो आणि परतीचे ढग अजून फिरत असतात. रंग येतो तो उंचावरच्या पिंजलेल्या ढगांमुळे. सूर्य क्षितिजाशी आला की त्याचा उजेड हवेच्या फार जाड थरातून येतो, निळा वाटेतच विखरून जातो आणि उरलेला तांबडा त्या ढगांना खालून लागतो. क्षितिजावरच जाड ढगांचा पट्टा असेल तर हा उजेड पोचतच नाही. संध्याकाळी चार वाजता हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅटचं चित्र बघून निघायची सवय लावून घेतली. जेट्टीजवळच्या भेळवाल्याला मात्र उपग्रह लागत नाही. एकदा मी ट्रायपॉड उघडत होते, तर कांदा कापता कापता मान वर करून म्हणाला, “ताई, आज काय व्हायचं नाय. खाली पट्टा बसलाय बघा.” आणि खरंच, सूर्य पाण्याला टेकायच्या कितीतरी आधी गडप झाला.

भरती-ओहोटीचंही तसंच. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. ओहोटी त्याच्या सहा तासांनी. म्हणजे पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास ओहोटी बरोबर संध्याकाळी पाच-साडेपाचला येते, पाणी नुकतंच मागे गेलेलं असतं आणि काळी वाळू ओलीचिंब असते. कोरडी काळी वाळू फोटोत नुसता अंधार. ओली झाली की तिच्यात अख्खं आकाश उतरतं. अष्टमीला गेलात तर मांडवीला उभं राहायलाही धड जागा मिळत नाही. हे गणित माझ्या आजोबांना तोंडपाठ होतं, मी मात्र ते फोटोंसाठी शिकले.

नोव्हेंबरात अडचण वेळेची. रत्नागिरीत सूर्य सगळ्यांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, सहाच्या सुमाराला. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस डिसेंबरात असला तरी सूर्यास्त तोवर पुन्हा पुढे सरकायला लागलेला असतो. जुलैच्या सुरुवातीला हाच सव्वासातला असतो. बँकेतून साडेपाचला निघालं तरी मांडवीला पोचेपर्यंत पावणेसहा, आणि सूर्याची थाळी पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडायला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. शोधाशोध करायला वेळच नाही. म्हणून रविवारी भर दुपारी जाऊन जागा ठरवून ठेवायची, दगड बघायचे, कुठली होडी कुठे लागते ते बघायचं. सूर्य कुठे बुडणार हेही आधी कळतं. आपल्या अक्षांशावर तो २१ जूनला पश्चिमेच्या उजवीकडे साधारण २५ अंश आणि २२ डिसेंबरला डावीकडे तितकाच जातो. त्यामुळे मे-जूनमध्ये तो रत्नदुर्गाच्या बाजूला सरकलेला दिसतो आणि डिसेंबरात किल्ल्यापासून लांब, भाट्याच्या किनाऱ्याच्या अंगाला. किल्ला आणि सूर्य एकत्र हवे होते, ते हिवाळ्यात जमायचं नाही म्हणून तो बेत सोडला.

लेन्सचंही एक गणित उपयोगी पडलं. लेन्सच्या मिलिमीटरला १०९ ने भागलं की सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, सूर्य किती मिलिमीटरचा येईल ते कळतं. १८ वर तो चौकटीच्या उंचीचा नव्वदावा भाग, म्हणजे ठिपका. २५० वर साधारण सहावा-सातवा हिस्सा, म्हणजे खरी थाळी. लोकांना मोठा सूर्य हवा असतो आणि ते पुढे पाण्याकडे चालत जातात. सूर्य काही त्याने मोठा होत नाही. उलट मागे या, होडी लहान करा आणि लांबची लेन्स लावा. फक्त २५० लावून डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा नाही, सूर्य अजून झगझगीत असताना तर अजिबात नाही. लाइव्ह व्ह्यू लावायचा, मागच्या पडद्यावर बघायचं, आणि तेही जास्त वेळ कॅमेरा सूर्यावर रोखून ठेवायचा नाही.

माझं तेव्हा बसलेलं सेटिंग सांगते, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा वाढला की ते लहान होतं). सूर्य टेकताना शटर साधारण १/६० सेकंद. एफ/२२ पर्यंत बंद केलं तर सगळं किंचित मऊ येतं, एफ/११ च्या पुढे गरज पडली नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवायचा नाही. ऑटोला केशरी रंग म्हणजे बिघाड वाटतो आणि तो दुरुस्त करायला बसतो. डेलाइट ठेवला की समोर दिसतं त्याच्या जवळ येतं. आणि फोटो काढला की चित्र बघून खूश होण्याआधी हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ किती आहे त्याचा आलेख, बघायचा, तोही लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा वेगवेगळा. मावळतीला लाल सगळ्यांत आधी उजव्या कडेला आदळतो. एकत्रित आलेखात सगळं ठीक दिसतं आणि लाल मात्र कधीच फुटलेला, म्हणजे बारकावे हरवलेला, असतो. लाल कडेला चिकटला की आणखी एक तृतीयांश खाली. सूर्याची थाळी स्वतः फुटली तर फुटू द्यावी, ती वाचवायला गेलं तर बाकी काही उरत नाही. तिच्याभोवतीचं आकाश वाचलं पाहिजे.

सूर्य बुडाला की किनारा रिकामा व्हायला लागतो. आईस्क्रीमवाले घंटा वाजवत वळतात, गाड्या सुरू होतात. मला विचाराल तर खरं काम तिथून सुरू होतं. पुढची वीस-बावीस मिनिटं उजेड झपाट्याने उतरतो, पण आकाश आणि जमीन यांच्यातला फरक कमी होत जातो, म्हणजे कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलतात. उंच ढग असतील तर गुलाबी येतो तो सूर्य गेल्यावर दहाएक मिनिटांनी. तेव्हा शटर अर्ध्या सेकंदापर्यंत येतं, ट्रायपॉडशिवाय शक्यच नाही. पाय वाळूत आधीच दाबून रोवायचे, नाहीतर प्रत्येक लाटेबरोबर ते खचतात. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, लेन्सचं स्टॅबिलायझर (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद करायचं. दर दहा मिनिटांनी लेन्स पुसायची, कारण खाऱ्या तुषारांचा थर डोळ्यांना दिसत नाही, पण उजेडाकडे तोंड केलं की फोटोवर धुकं चढतं. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवायचे, आईने पायांच्या आधी ट्रायपॉड धुतेस म्हणून कितीही टोमणे मारले तरी.

आकाश आणि जमीन यांच्यातला फरक मारायला दोन वाटा आहेत. एक, वरून गडद आणि खाली स्वच्छ असा ग्रॅज्युएटेड फिल्टर. मी ८५० रुपयांचा साधा घेतला. त्याने आकाश किंचित जांभळट होतं, ते नंतर काढावं लागतं. समुद्राची सरळ रेष असेल तिथे तो छान बसतो. सुरूची झाडं किंवा दगड वर घुसलेले असतील तर त्यांचे शेंडे काळे पडतात. दुसरी वाट म्हणजे तीन फोटो: पहिला मापाप्रमाणे, दुसरा दोन स्टॉप काळोखा, तिसरा दोन स्टॉप उजळ, आणि मग ते कॉम्प्युटरवर एकत्र करायचे. लाटा हलत असल्या की जोडताना भुतं (दुहेरी आकार) दिसतात, म्हणून हे मी दगडांच्या आणि शांत पाण्याच्या फोटोंसाठीच ठेवलं.

डिसेंबर लागला आणि हवा गढूळ झाली. सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच धुरकटात विरायला लागला. रंगांचे दिवस संपले, पण लांबच्या लेन्सला तेच दिवस चांगले. धुरकं सूर्यालाच फिल्टर लावतं, थाळी लालबुंद आणि स्वच्छ कडेची येते, तिचा उजेड आकाशाच्या उजेडाजवळ उतरतो. परतणारी एखादी होडी मिळाली की झालं. पाचातला एक फोटो असा मिळाला.

आता एडिटिंग. सॉफ्टवेअर डार्कटेबल, फुकट आहे आणि विंडोजवर चालतं. पहिले काही दिवस त्याची बटणं बघूनच जीव घाबरतो. एवढ्यांतली सात-आठच लागतात. एका फोटोचं सविस्तर सांगते, म्हणजे कल्पना येईल.

फोटो सूर्य गेल्यानंतरचा, ओल्या वाळूत गुलाबी ढग, उजवीकडे काळे दगड. उघडला तेव्हा फिकट आणि थोडा काळोखा होता; रॉ फाइल तशीच दिसते, तिला बघून नाउमेद व्हायचं नाही. आधी क्षितिज सरळ केलं. समुद्राची रेष एक अंशाने जरी कलली तरी मोठ्या प्रिंटमध्ये पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटतं. मग लेन्स करेक्शन, म्हणजे कडांचा बाक आणि कोपऱ्यांतला अंधार गेला. व्हाइट बॅलन्स डेलाइटवरून किंचित उबदार. एकूण एक्स्पोजर थोडं वर. त्यानंतर टोन इक्वलायझर. यात उजळ, मध्यम आणि गडद भाग वेगवेगळे वरखाली करता येतात. आकाश तसंच ठेवून दगड सव्वा स्टॉप वर घेतले, त्यांच्यावरचे कालवांचे पांढुरके ठिपके दिसायला लागले. दीड केल्यावर दगडांत लालहिरवी रवाळी आली आणि क्षितिजाच्या कडेने पांढरट किनार उमटली, म्हणून परत सव्वावर. हा सगळा खेळ जमला तो फोटो काढताना उजळ भाग फुटू दिला नव्हता म्हणून. गडदातून काढता येतं. तिन्ही रंग फुटलेल्या पांढऱ्यात काही नसतंच, डार्कटेबलमधलं हायलाइट रिकन्स्ट्रक्शन नावाचं साधन तिथे अंदाजाने रंग भरतं आणि तो भरलेला कळतो.

सॅच्युरेशनचा दांडा सगळ्या फोटोला एकदम ओढायचा मोह फार होतो. त्याने वाळू जांभळी झाली आणि ढग सरबताच्या रंगाचे. त्यापेक्षा वरच्या आकाशावर ग्रेडियंटचा मास्क (खाली विरत जाणारा, तेवढ्याच भागापुरता पडदा) लावून तेवढ्यात थोडा कॉन्ट्रास्ट वाढवला, रंग आपोआप दाट झाला. सेन्सरवरच्या धुळीचा एक डाग आकाशात होता. अटीत असलेलं पुसू नये असं होतं, तर डागाचं काय? संस्थेत फोन करून विचारलं. कॅमेऱ्यातली धूळ चालेल, किनाऱ्यावरची प्लास्टिकची पिशवी काढलेली चालणार नाही, असं उत्तर मिळालं. मला हे उत्तर आवडलं. दुसऱ्या एका फोटोत कडेला अर्धा ट्रॉलर होता, तो कातरून बाहेर काढला. कातरताना पिक्सेल बघावे लागतात: १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला दर इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने ३६०० बाय ५४०० लागतात, माझी फाइल ४००० बाय ६००० ची. म्हणजे हात फार सैल सोडता येत नाही.

प्रिंटचा भाग मी सगळ्यांत सोपा समजत होते आणि तिथेच जास्त वेळ गेला. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलं की कागदावर सगळं काळोखं येतं. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडून शेजारी खरा कागद धरायचा, दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा, मग काम करायचं. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत काढायची. भडक केशरी पडद्यावर दिसतो तसा शाईला झेपत नाही, तो सपाट होऊन येतो. तेवढ्या भागात सॅच्युरेशन कमी केलं की उलट बारकावे दिसतात. मॅट कागदावर काळं तितकं खोल येत नाही, म्हणून गडद भाग जरा मोकळे ठेवायचे. आणि लॅबमध्ये फाइल देताना “ऑटो करेक्शन बंद ठेव” हे सांगायचंच, त्या मुलाच्या शेजारी उभं राहून सांगायचं. त्याचं मशीन संध्याकाळ दिसली की दुपार करून देतं. आधी ४ बाय ६ चे नमुने काढले, १० रुपयांना एक. मोठी प्रिंट ९० रुपयांना. त्यातल्या दोन पुन्हा काढाव्या लागल्या.

२९ डिसेंबरला जेवणाच्या सुट्टीत अर्ज दिला. सोबत लागलं ते असं: स्वतःची सही केलेली आधारची प्रत, दोन पासपोर्ट फोटो, फोटोंची यादी दोन प्रतींत (शीर्षक, ठिकाण, तारीख, सेटिंग), आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने क्रमांक. पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. फी रोख आणि सुटी. पावती मिळाली तिचा लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवला. प्रिंट गुंडाळून नेल्या तर परत सपाट होत नाहीत. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये नेल्या.

मग जानेवारीचा अर्धा महिना काहीच नाही. फोन केला की “कळवू” एवढंच. १८ जानेवारीला पत्र आलं: मूळ फाइल घेऊन २४ तारखेला अकरा ते एक या वेळेत हजर राहावं. अर्धी रजा टाकली. पेन ड्राइव्हवर फाइल नेल्या होत्या, पण तिथल्या कॉम्प्युटरवर कॅननची रॉ, म्हणजे सीआर२ फाइल उघडेना. माझ्या आधी आलेला एक मुलगा त्यासाठी परत घरी जाऊन आला. मी लॅपटॉप नेला होता म्हणून निभावलं. तुम्हाला असं बोलावणं आलं तर स्वतःचं मशीन चार्ज करून, चार्जरसकट न्या.

तिघे परीक्षक होते. मूळ आणि एडिट केलेला असे दोन्ही शेजारी लावून बघत होते. दगड उजळल्याबद्दल कुणी काही बोललं नाही. चर्चा झाली ती तीन फोटो एकत्र केलेल्यावर. एकाचं म्हणणं, तिन्ही त्याच जागचे, त्याच मिनिटातले, बाहेरून काय आलं? दुसऱ्यांचं म्हणणं, अटीत ‘मूळ फाइल’ असं एकवचन आहे, इथे तीन आहेत. मला विचारलं तेव्हा मी कसं केलं ते सांगितलं आणि गप्प बसले. माझं मत पहिल्या गृहस्थांसारखं आहे. डोळाही आधी आकाश बघतो, मग दगड बघतो, आणि दोन्ही त्याला दिसतात. पण अट त्यांची होती. तो फोटो बाद झाला. फोटो जोडून पाठवणार असाल तर आधी लेखी विचारून घ्या, फोनवरचं उत्तर टेबलावर दाखवता येत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात यादी लागली. पाचातले दोन टांगले गेले, ओल्या वाळूचा आणि लाल थाळीपुढच्या होडीचा. कॅमेरा सोडून एकूण खर्च पाच हजारांच्या थोडा वर गेला, त्यात अर्धा ट्रायपॉड. फिल्टर घेतला नसता तरी चाललं असतं.

प्रदर्शन संपल्यावर आठ दिवसांत प्रिंट परत न्यायच्या असतात, मूळ पावती दाखवून; मोबाइलमधला फोटो चालत नाही, तो फक्त पावती क्रमांक विसरलात तर. प्रिंट घरी आणल्यावर लगेच प्लास्टिकमध्ये घालू नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्या आतल्या आत चिकटतात, मध्ये बटर पेपर घाला. लेन्सच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उन्हाच्या कवडशात लेन्स उघडून बुरशी आहे का बघा. नवा फॉर्म पुन्हा ऑक्टोबरात निघेल असं कार्यालयात सांगितलंय. पाठवायचं असेल तर तो हातात यायची वाट बघू नका. परतीच्या पावसाचे ढग डिसेंबरापर्यंत थांबत नाहीत.